राजा गरोदर होता

गेल्या महिन्यात घराजवळच्या वाचनालयात 'कोबाल्ट ब्लू' मागितली. सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ साली आली तेव्हा मी ती एका रात्रीत वाचून काढली होती. आता पुन्हा वाचायची होती. कादंबऱ्यांच्या रॅकवर सापडली नाही. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "ताई, ती आत आहे, शेवटच्या कपाटात." शेवटच्या कपाटावर छापील पट्टी चिकटवलेली होती: सामाजिक समस्या. डाव्या हाताला व्यसनमुक्तीवरचं एक जाडजूड पुस्तक, उजव्या हाताला हुंडाबळींवरचं, आणि मध्ये ही पातळशी कादंबरी.

त्या मुलीवर माझा राग नाही. हे पुस्तक शोधायला लोक इथेच येतील, असं तिला मनापासून वाटलं असणार. पण ही गोष्ट एका बहीण-भावाची आहे. घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेल्या एका तरुणावर तनयचा जीव जडतो, अनुजाचाही जडतो, आणि तो तरुण दोघांनाही सोडून निघून जातो. मागे राहिलेल्या दोघांच्या पोकळीची ही कादंबरी आहे. जिवाचं माणूस निघून जाणं हे दुःख आहे, आणि दुःखाची जागा कादंबऱ्यांच्याच रॅकवर असते.

मराठी पुस्तकात आमच्यासारखी माणसं येतात ती बहुतेक वेळा प्रश्न म्हणून. दाद मिळते तीही त्याच शब्दांत. विषय धाडसी आहे, प्रश्न संवेदनशीलपणे हाताळला आहे, वाचकाला विचार करायला भाग पाडलं आहे. मी एका बाईबरोबर सतरा वर्षं संसार करते आहे. आमच्या घरात सिलिंडर नेमका पाहुणे आले की संपतो, गच्चीतल्या कढीपत्त्याला दरवर्षी कीड लागते, आणि पंख्याच्या वेगावरून आमचं रोज रात्री वाजतं. इतकी वर्षं अशी जगल्यावर 'हाताळला जाणारा प्रश्न' हे वर्णन मनाला लागतं.

म्हणून गेलं वर्षभर मी मुद्दाम दुसरीकडे वाचत होते. जिथे आमच्यासारखी माणसं आहेत, पण पुस्तक त्यांच्या असण्याचा खुलासा करत बसत नाही, अशा ठिकाणी. ती पुस्तकं मला सापडली फँटसीच्या कपाटात, आणि जवळजवळ सगळी इंग्रजीत.

श्रीलंकेचे लेखक वज्र चंद्रसेकरा यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' ही २०२३ सालची कादंबरी; तिला विज्ञानकथा-फँटसीसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. तिचा नायक फेटर. तो जन्मतो त्याच क्षणी त्याची आई पितळेच्या खिळ्याने त्याची सावली जमिनीला ठोकते आणि त्याच्यापासून फाडून वेगळी करते. मग ती त्याला वाढवते ते एकाच कामासाठी. बाप मोठा संत म्हणून पुजला जातो, त्याला मारायचं. मुलगा मोठा होतो, शहरात जातो, आणि तिथे त्याला आपल्यासारखी माणसं भेटतात: ज्यांची अवतारी पुरुष म्हणून निवड होता होता राहिली अशी. ती सगळी ठरलेल्या दिवशी एकत्र जमतात आणि एकमेकांशी बोलतात. फेटरचं एका पुरुषावर प्रेम आहे. ते त्याच्या आयुष्यात आहे, जसं शहरात भाड्याचं घर आहे. कादंबरीला पडलेले प्रश्न वेगळे आहेत. आईबापांनी आपल्या द्वेषाचं हत्यार म्हणून घडवलेल्या मुलाने त्या वारशाचं काय करायचं? माणसांची जातकुळी कागदावर नोंदवून त्यांना छावण्यांत कोंडणाऱ्या शहरात साध्या माणसाने कुठे उभं राहायचं? हे वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्या प्रेमाबद्दल कुणी काही विचारत नसेल तर माझ्याकडेही विचार करायला किती जागा मोकळी होते.

दुसरं पुस्तक ताशा सुरी यांचं 'द जॅस्मिन थ्रोन', २०२१ सालचं. या पुस्तकाने मला अक्षरशः जागं ठेवलं. मालिनी ही राजकन्या. भाऊ सम्राट झाला आहे, आणि शुद्धतेच्या त्याच्या कल्पनेपायी त्याला बहीण चितेवर चढलेली हवी आहे. तिच्या दोन सख्या जळतात. ती नाही म्हणते. मग तिला दूरच्या जिंकलेल्या मुलखात, डोंगरावरच्या एका पडक्या देवळात कैदेत टाकतात. तिथे वर झाडलोट करायला येणाऱ्या मोलकरणींत प्रिया आहे, जी एकेकाळी त्याच देवळातली मूल होती आणि आपली शक्ती लपवून जगते आहे. या दोघींची गोष्ट म्हणजे ही कादंबरी.

पहिली पन्नासएक पानं झाल्यावर मी पुस्तक मिटून बसले. माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. गावाबाहेर ओढ्याजवळ एक सतीचा दगड आहे. कोपरात काटकोनात वळलेला एक हात, हातात बांगड्या, वर चंद्र-सूर्य. लहानपणी आत्याबरोबर शेतावर जाताना ती त्या दगडाला हळदीकुंकू लावायची आणि मला नमस्कार करायला सांगायची. त्या हाताला चेहरा नाही. ती बाई कोण, तिचं वय काय, पाय ओढत गेली की चालत गेली, कुणालाही ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही. इतिहास लिहिणारा प्रामाणिक असेल तर इथे थांबेल. वास्तववादी कादंबरीकारही फार तर तिचं मरण लिहील. फँटसीला मात्र विचारता येतं की ती नाही म्हणाली असती तर? चितेपासून मागे फिरून, कैदेतून निसटून, तिने भावाच्या सिंहासनालाच हात घातला असता तर? आणि या सगळ्यात तिचं ज्या बाईवर प्रेम बसलं, तिचा देश आपल्याच घराण्याने जिंकून चिरडलेला असता तर? त्या पुस्तकात हे दोन्ही नकार, चितेला आणि ठरवून दिलेल्या पुरुषाला, एकाच बाईच्या तोंडून येतात. ते तसेच यायला हवेत, कारण दोन्हींची मुळं एकाच जमिनीत आहेत. कादंबरी मध्ये रेंगाळते, निवेदकही फार झाले आहेत. तरीही ती मी कुणाच्याही हातात ठेवीन.

सगळंच मला आवडलं असं नाही. हल्ली अशा बऱ्याच फँटसी निघतात ज्यांत सगळे सगळ्यांना समजून घेतात, चहा-बिस्किटं खातात, आणि जगात कुठे ओरखडा म्हणून नाही. दमलेल्या माणसाला त्या बऱ्या वाटतात, हे मला कळतं. मला त्यांत माझं कुणी सापडलं नाही. काहीच पणाला लागलेलं नसेल तर प्रेमालाही वजन येत नाही.

आता यावर माझे चळवळीतले मित्र जे म्हणतात ते हलक्यात घेण्यासारखं नाही. ते म्हणतात, आपल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आपली सुटका झाली ती ६ सप्टेंबर २०१८ला, म्हणजे कालपरवा. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय कायदेमंडळाकडे सोपवला. मुलं घराबाहेर काढली जातात, मुलींची बळजबरीने लग्नं लावली जातात. अशा वेळी पडक्या देवळातल्या राजकन्या कसल्या वाचत बसायच्या? हे वास्तवाकडे पाठ फिरवणं नाही का?

माझं उत्तर एका रात्रीचं आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या जोडीदाराचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भरती करताना फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. मी 'जोडीदार' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने ते वाचलं, पेनने त्याभोवती गोल केला आणि म्हणाला, "घरचं कुणी नाही का?" सही अखेर तिच्या भावाची चालली, तो नाशिकहून येईपर्यंत आम्ही थांबलो. त्या रात्री बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर माझ्या पिशवीत दोन पुस्तकं होती. एक आमच्यासारख्यांच्या परवडीवरचं, कुणीतरी भेट दिलेलं, चांगलं पुस्तक. दुसरी फँटसी. मी दुसरं उघडलं. पहिल्या पुस्तकात जे होतं त्याच्या आत मी बसलेलीच होते. ते मला सांगायची गरज नव्हती. ते खिडकीतल्या त्या माणसाला सांगायला हवं होतं.

समस्येचं पुस्तक ज्याला ती समस्या नाही त्याच्यासाठी लिहिलेलं असतं. ते लिहायलाच हवं, त्याने खिडकीतली माणसं बदलतात. पण एका भाषेत आमच्याबद्दलचं जवळजवळ सगळं लेखन शेजाऱ्यांना समजावण्यासाठीच होत असेल, तर त्या भाषेत आमच्यासाठी काय लिहिलं गेलं? तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात सुमित्रा ऊर्फ मित्रा केली, एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी. त्या काळात ते नाटक उभं करायला केवढी छाती लागली असेल. मित्रा शेवटी जीव देते. मी ते पंचविशीत वाचलं, आणि कितीतरी दिवस माझ्या मनात हे घट्ट बसलं होतं की आपल्या गोष्टीचा शेवट असाच होतो. दोष त्या नाटकाचा नव्हता. त्याच्या शेजारी ठेवायला दुसरी गोष्ट नव्हती, एवढंच.

मराठी कादंबरीच्या जन्मापाशी गेलं की हे आणखी स्पष्ट दिसतं. १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, विधवांच्या हालअपेष्टांवरचं. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, आणि तिच्यामागोमाग अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. म्हणजे सुरुवातीलाच दोन वाटा होत्या, प्रश्नाची आणि अद्भुताची. १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आल्यावर पहिली वाट राजरस्ता झाली आणि दुसरी मुलांच्या खोलीकडे वळवली गेली. हरिभाऊंची थोरवी मी नाकारत नाही. 'पण लक्षात कोण घेतो!'मधल्या यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचून आजही हात थरथरतो. पण यमूसारख्या बाईला त्यानंतर कितीतरी काळ साहित्यात यायचं तर दुःखाची कैफियत घेऊनच यावं लागलं. एखादी विधवा घोड्यावर बसून अज्ञात देशाला निघाली आहे, हे कुणाला लिहावंसंच वाटलं नाही. जी जागा तेव्हा विधवेला दिली तीच आज आम्हाला मिळते आहे.

अद्भुत मोठ्यांसाठी लिहिलं गेलंच नाही असं नाही. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'तलं 'इस्किलार' १९७५ पासून आपल्यासमोर आहे. पण त्याला आपण लगबगीने रूपककथा म्हणतो, जणू नुसतं अद्भुत म्हटलं तर त्याचा मान जाईल. तो मान परत द्या, एवढंच माझं मागणं आहे.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की आपल्या पुराणांत हे सगळं आहेच की. आहे. महाभारतात युवनाश्व राजा यज्ञातलं मंतरलेलं पाणी चुकून पितो आणि त्याची कूस फोडून मांधाता जन्माला येतो. ज्या चंद्रवंशाचा आपण अभिमान बाळगतो, तो वंश इलेपासून सुरू होतो, जी कधी पुरुष असते आणि कधी स्त्री. भंगास्वन राजाला तर पुन्हा पुरुष होण्याचा वर मिळत असताना तो बाईच राहणं पसंत करतो. पण हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही, आणि तो प्रमाणपत्रासारखा नाचवला की मला त्रास होतो. इला पोथीत होती म्हणून यल्लम्माच्या नावाने झोळी घेऊन फिरणाऱ्या जोगत्याला कुणी भाड्याने खोली दिली नाही. या कथांची खरी ताकद वेगळी आहे. 'राजाला मूल झालं' हे ऐकल्यावर आपल्या आज्यांनी 'असं कसं होईल' असं विचारलं नाही. त्यांनी 'मग?' असं विचारलं. ते 'मग' आपल्याला विसरायला झालं आहे.

हे मला माझ्या आत्याने दाखवलं, आणि निमित्त झालं अर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीचं. १९६९ साली आलेलं हे पुस्तक. गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावरची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. थोडे दिवस ती दोहोंपैकी एक होतात, आणि कोण होणार हे त्यांच्या हातात नसतं. एकच माणूस एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकतो. पृथ्वीवरून गेलेला दूत गेन्ली आय याला एस्त्रावेन नावाच्या मंत्र्याचा विश्वास वाटत नाही, कारण त्याच्यात त्याला काहीतरी बायकी दिसतं. मग दोघांना एका तंबूच्या आधाराने अफाट हिमप्रदेश पायी तुडवावा लागतो, आणि त्या तंबूत त्याला कळतं की समोरचं माणूस पुरुष आहे तसंच स्त्रीही आहे, आणि हे आपल्याला पहिल्यापासून दिसत होतं, फक्त बघायची भीती होती. ही पानं मी आतापर्यंत चार वेळा वाचली असतील.

त्या कादंबरीत राजा गरोदर असल्याचं एक वाक्य आहे, बातमी द्यावी इतक्या साधेपणाने. ले ग्विननी या माणसांसाठी 'तो' हे सर्वनाम वापरलं. १९७६च्या निबंधात त्याचं समर्थन केलं, आणि दहाएक वर्षांनी त्याच निबंधाला टिपा जोडून ते समर्थन मागे घेतलं. स्वतःची चूक अशी छापील कबूल करणारा लेखक मला फार जवळचा वाटतो. तर ते प्रकरण मराठीत करून बघावं म्हणून मी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. राजा गरोदर होता? होती? होतं?

इंग्रजीत सर्वनाम सांभाळलं की झालं. मराठीत क्रियापद चुगली करतं. आणि तिसरं लिंग आपल्याकडे आहे, पण व्याकरणाने त्याला नपुंसक असं नाव देऊन ठेवलं आहे. 'ते आलं' हे आपण तान्ह्या लेकराबद्दल मायेने म्हणतो आणि सिग्नलवरच्या तृतीयपंथी माणसाबद्दल तुच्छतेने. तेच दोन शब्द.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायका 'मी येतो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. माझी आई, आत्या, चुलत्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्या. पुण्याला कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात 'मी जातो' म्हटलं आणि बाकं हसली. महिन्याभरात मी 'जाते' शिकले. तेव्हा वाटलं, भाषा सुधारली. आता कळतं की ज्या बोलीत माझ्या तोंडून निघालेलं क्रियापद माझं बाईपण जाहीर करत नव्हतं, ती मी स्वतःहून टाकून दिली.

वहीवर आठवडाभर खाडाखोड केल्यावर मला मराठीच्या काही वाटा दिसायला लागल्या. 'एस्त्रावेनने दार उघडलं' या वाक्यात दार उघडणारं माणूस कोण, हे क्रियापद सांगत नाही. 'आम्ही निघालो' दोघांचंही असतं. भविष्यकाळात 'मी येईन' कुणीही म्हणावं. आणि आपल्या कहाण्यांचा जुना काळ: राजा रोज वनात जाई, राणी रोज देवाला जाई. दोघांनाही एकच 'जाई'. आटपाट नगराच्या भाषेत हे आधीपासून होतं. वारीत तर पुरुषालाही 'माउली, जरा सरकता का' म्हणतात आणि कुणाला खटकत नाही. अद्भुत मराठीत लिहिलं तर इंग्रजीत जे जमलं नाही ते जमेल, असं मी छातीवर हात ठेवून म्हणते.

म्हणून माझी विनंती दिवाळी अंकांच्या संपादकांना आहे. आमच्यावर परिसंवाद पुष्कळ झाले. यंदा एखाद्या क्वीअर लेखकाला अनुभवकथन मागण्याऐवजी अद्भुतकथा मागा, चाळीस पानांची, मोठ्यांसाठी. त्यात एकही खुलासा नसला तरी छापा. प्रकाशकांनी या कादंबऱ्यांचे हक्क घ्यावेत आणि अनुवादकाला वेळ द्यावा. हे काम एका सुट्टीत होण्यातलं नाही.

गेल्या रविवारी आत्याचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी, गोष्टीची हौस तीच. काय करतीस म्हणाली, तर मी तिला बर्फाच्या देशाची ती सगळी हकीकत सांगितली आणि मोठ्याने म्हटलं, "तिथला राजा गरोदर होता, आत्या."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "अगं, मग डोहाळे कुणी पुरवलं त्याचं? त्या थंडीत चिंच तरी मिळती का?"

मी म्हटलं, पुस्तकात ते नाही.

"मग तू घाल की," आत्या म्हणाली. "आणि पुढचं सांग. मी बसलोय."